कलम सतरा (ड) आणि आमच्या आईचं तोंड

मनुष्य घर विकत घेतो तेव्हा त्याला प्रथमच समजतं की घर पडू शकतं. त्याआधी तो भाड्याच्या घरात राहिलेला असतो. तिथेही छत गळतं, दारं फुगतात, नळ ठिबकतात, पण ती सगळी घरमालकाची दुःखं. भाडेकरू त्यांच्याकडे तटस्थपणे, खरं सांगायचं तर थोड्या समाधानानेच पाहतो. किल्ली स्वतःच्या हातात आली की तोच माणूस भिंतीला कान लावून बसतो.

आम्ही घर पसंत केलं ते चाळीस मिनिटांत. (त्यातली दहा लिफ्टची वाट पाहण्यात गेली.) त्या घराचा विमा निवडायला सतरा दिवस लागले. यावरून विमा ही घरापेक्षा गंभीर बाब आहे, एवढं तरी कोणीही मान्य करील.

माझ्याविषयी थोडं सांगणं आवश्यक आहे. मी एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात आहे. येणाऱ्या कागदावर आल्याचा शिक्का, जाणाऱ्यावर गेल्याचा. बावीस वर्षांत काही लाख कागद माझ्या हाताखालून गेले आणि त्यांतला एकही मी वाचलेला नाही. हे मी अभिमानाने सांगतो. वाचत बसलो असतो तर विभाग बंद पडला असता. सही कुठे, तारीख कुठे, शिक्का कुठे, एवढंच पाहायला शिकलेल्या नजरेला मजकूर म्हणजे दोन सह्यांमधली अडगळ वाटते.

घर चौथ्या मजल्यावर. पुढची खोली सगळ्यांची, मधली आम्हा नवरा-बायकोची आणि मागची आईची. आईला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळत होती. माहेरी चार बहिणींत एक पलंग, सासरी पडद्यामागचा कोपरा, आणि भाड्याच्या घरात शिवणयंत्र आणि धान्याच्या कोठीच्या मध्ये घातलेली गादी, असा तिचा आजवरचा प्रवास. किल्ली मिळाली त्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि पाच मिनिटांनी बाहेर आली. आत काय करत होतीस, असं मी विचारलं.

"काही नाही. आतून कडी लागते का बघत होते," ती म्हणाली.

कडी लागत होती.

आईला एक सवय आहे. ती सवय आपल्याकडे घरटी एका माणसाला असते, पण आई त्यातली उस्ताद. काहीही बिघडलं, सांडलं, फुटलं, चुकलं, की ती पदराला हात पुसत येते, पाहते आणि म्हणते, "मी म्हटलंच होतं." सवयीप्रमाणे मी याची नोंदवही ठेवली. नव्या घरातल्या पहिल्या दोन महिन्यांत आईने एकूण त्रेसष्ट भाकितं केली. त्यांपैकी एकेचाळीस खरी ठरली, तेरा उशिरा खरी ठरली आणि नऊ अद्याप कार्यवाहीत आहेत. (त्या नवांत माझं पोट, शेजाऱ्यांची लेक आणि स्वयंपाकघरातला ओटा यांचा समावेश होतो.) हवामान खात्याला ही टक्केवारी दाखवली तर ते लोक रजेवर जातील.

आता विमा. आमच्याकडे जो सल्लागार आला तो अत्यंत सज्जन होता. त्याच्या कार्डावर नावाखाली 'आपला जोखीम-मित्र' असं छापलेलं होतं. बसल्या बसल्या त्याने आमच्या घरात होऊ शकणाऱ्या अकरा दुर्घटना मोजून दाखवल्या आणि तेव्हापासून आम्हाला घर जास्त आवडू लागलं. त्याच्याकडे तीन योजना होत्या: किमान निवारा, सुखी निवारा आणि निश्चिंत निवारा.

पाणी ही एकच वस्तू आहे असं आम्ही अडाणीपणे समजत होतो. विमाशास्त्रानुसार पाण्याचे चार प्रकार: खालून येणारं, वरून येणारं, बाजूने येणारं आणि आधीपासूनच असलेलं. 'किमान निवारा'त फक्त खालून येणाऱ्या पाण्याला संरक्षण होतं. (चौथ्या मजल्यावर हे फार धीर देणारं वाटलं.) 'सुखी निवारा'त वरून येणारं पाणीही होतं, पण ते पडलं पाहिजे, झिरपता कामा नये. 'निश्चिंत निवारा'त चारही प्रकारांचं, कसंही आलेलं पाणी चालत होतं. अट एकच, घटना आकस्मिक असावी.

"दुर्घटना आकस्मिकच असते की," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे जगाबद्दल तिचे असे काही गैरसमज आहेत.

आईने मध्येच सल्लागाराला मागच्या खोलीत नेलं आणि पलंगाच्या बरोबर वर, छताला पडलेला थाळीएवढा डाग दाखवला. "हा वाढतोय बघा," ती म्हणाली. "वरच्यांच्या न्हाणीघरातून येतंय. एक दिवस हे सगळं माझ्या उशीवर येणार."

सल्लागाराचा चेहरा उतरला. त्याने दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, असं बोलू नका हो."

केवढे हे संस्कार, असं आम्हाला वाटलं. हल्लीच्या काळात परक्या माणसाच्या घराबद्दल इतकी माया कोण दाखवतं? आम्ही तिथल्या तिथे 'निश्चिंत निवारा' घेतला. चौतीस पानांची पुस्तिका होती आणि एकोणीस ठिकाणी सह्या. मी त्या सव्वादोन मिनिटांत केल्या. सल्लागार म्हणाला, इतका तयारीचा ग्राहक त्याने आजवर पाहिला नव्हता. त्या पुस्तिकेतला एक उतारा केवळ नोंदीसाठी खाली देत आहे.

कलम १७ (ड): 'आकस्मिक' या संज्ञेचा अर्थ असा घ्यावयाचा की, ज्या घटनेची पूर्वकल्पना विमाधारकास अथवा त्याच्यासोबत राहणाऱ्या कोणाही नातलगास (वय, दृष्टी, श्रवण व घरातील वजन विचारात न घेता) नव्हती, किंवा असल्यास ती घटनेपूर्वी तोंडाने बोलून दाखविण्यात आलेली नव्हती, अशीच घटना आकस्मिक समजण्यात येईल, तसेच घटनेनंतर 'वाटलंच होतं', 'म्हटलंच होतं', 'सांगत होतो/होते' अथवा तत्सम आशयाचा उद्गार काढला गेल्यास पूर्वकल्पना होती असे गृहीत धरण्यात येईल, आणि सदर तरतूद प्रस्तुत मजकूर वाचणाऱ्या, वाचल्याचे भासविणाऱ्या अथवा तो वगळून पुढे जाणाऱ्या सर्व व्यक्तींस समान लागू राहील.

(मीही तुमच्यासारखाच त्यावरून नजर फिरवून पुढे गेलो.)

दीड महिन्याने, सकाळी सव्वानऊला, मागच्या खोलीचं छत खाली आलं. आई स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. पलंगावर हातभर गिलावा, त्यावर वरच्यांचं पाणी, आणि उशी नेमकी कुठे असावी याचा केवळ अंदाज. मी हादरलो होतो. बायको रडायच्या बेतात होती. आई पदराला हात पुसत आली, दारात उभी राहिली, पाहिलं, आणि काय म्हणाली ते मी पुन्हा लिहीत नाही.

मी सल्लागाराला फोन लावला. कुणाला लागलं का, हे त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "आजी काही बोलल्या का?"

मग त्याने मला कलम सतरा (ड) समजावून सांगितलं. म्हणजे असं की, छत पडणार हे घरात कुणी आधी बोललं असेल तर ते छत आकस्मिक पडलेलं नसतं, सांगून सवरून पडलेलं असतं. आणि असल्या छतांना कंपनी ओळखत नाही. कंपनीचा पाहणी अधिकारी शनिवारी येणार होता. तो डागाकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघतो, असं सल्लागार म्हणाला. थोडक्यात, आईची खोली परत मिळायची तर शनिवारी एक तासभर आईने 'म्हटलंच होतं' म्हणायचं नव्हतं.

एखाद्याला श्वास घेऊ नका म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. पण आई शांतपणे ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "ती कडी परत लागेल ना?"

लागेल, असं मी सांगितलं.

मग आमच्या घरात सराव सुरू झाला. बायकोने वेळापत्रक केलं. मी मुद्दाम चमचा पाडायचा, दूध उतू जाऊ द्यायचं, छत्री विसरून भिजून यायचं, आणि आईने दर वेळी एकच वाक्य म्हणायचं: "अरेच्चा, असं कसं झालं?" पहिल्या दिवशी अकरापैकी शून्य. दुसऱ्या दिवशी दहापैकी दोन. (त्यांतल्या एका वेळी तिचं लक्षच नव्हतं.) तिसऱ्या दिवशी तिने तोंडात लवंग धरायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी माझ्या हातून खरोखरच काचेची बरणी फुटली. ही बरणी या माणसाच्या हातून फुटणार, असं ती तीन वर्षं म्हणत आली होती. तिचे ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, "अरेच्चा, असं कसं झालं?" बायकोने टाळ्या वाजवल्या. मला मात्र कसंतरी झालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आईने मला बोलणी न ऐकवता सोडलं होतं.

शनिवारी पाहणी अधिकारी आला. बारीक अंगाचा, मितभाषी, बूट बाहेर अगदी सरळ रेषेत काढून ठेवणारा. त्याने छत मोजलं, भिंत ठोकली, गिलाव्याचा तुकडा हातात घेऊन वास घेतला. मग सहज विचारल्यासारखं करत म्हणाला, "आजी, तुम्हाला काही अंदाज आला होता का?"

"अरेच्चा, असं कसं झालं?" आई म्हणाली. उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, पण सूर उत्तम होता.

"वर डाग वगैरे दिसला नव्हता?"

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही." (चष्मा नाकावर होता.)

अधिकाऱ्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. आई लवंग चघळत उभी राहिली. शेवटी त्याने कागदावर एक खूण केली, पुढच्या खोलीत टेबलाशी आमच्यासोबत बसून चहा घेतला आणि पेनाचं टोपण लावत म्हणाला, "तशी काही अडचण दिसत नाही. मंजूर व्हायला हरकत नसावी."

माझा जीव भांड्यात पडला. गेले पाच दिवस बायको म्हणत होती की हे काही जमायचं नाही, आणि मी म्हणत होतो की सगळं नीट होणार, क्लेम मिळणार. मी तिच्याकडे वळलो, आणि माणूस आनंदात जे बोलतो तेच बोललो.

"बघ. मी म्हटलंच होतं."

आईच्या तोंडातली लवंग कट्कन फुटल्याचं ऐकू आलं.

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "काय म्हटलं होतंत?"

"हेच, की असं होणार म्हणून."

"कधीपासून?"

बायकोने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. त्याचा अर्थ मी 'आणखी स्पष्ट सांगा' असा घेतला. "आधीपासूनच म्हणतोय मी," मी म्हणालो. "हिला विचारा हवं तर."

अधिकारी चार ओळी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहीत राहिला. मग त्याने कागद माझ्याकडे फिरवला. माझं बोट आपोआप सहीच्या जागी गेलं. मी सही केली, तारीख घातली, आणि शिक्का लागेल का, असंही विचारलं.

कंपनीचं पत्र बुधवारी आलं. ते बायकोने मोठ्याने वाचलं. आमच्या घरात पूर्ण वाचला गेलेला तो पहिला कागद. 'असं होणार हे मी आधीपासूनच म्हणत होतो, असे विमाधारकाने स्वेच्छेने व स्वाक्षरीनिशी नमूद केले असल्याने सदर छत आकस्मिक पडल्याचे मान्य करता येत नाही. आपल्या दूरदृष्टीबद्दल कंपनी आपले अभिनंदन करते.'

आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं. असा क्षण तिला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. पोरगा पुरता सापडला होता, कागदोपत्री सापडला होता, आणि आता कोणतंही कलम आड येत नव्हतं. ती पुढे आली. पदराला हात पुसले. पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अरेच्चा," ती म्हणाली, "असं कसं झालं?"

मग तिने आपली उशी उचलली आणि पुढच्या खोलीतल्या दिवाणावर नेऊन ठेवली. तिथे दार नाही. अजून ती तिथेच झोपते. मला एकदा तरी ती बोलावी म्हणून मी रोज काही ना काही पाडतो, पण ती सराव विसरलेली नाही.

असो. हे असंच होणार, हा गडीच शेवटी तोंड उघडणार, असं तुम्हाला मघाशीच वाटलं होतं. ते नुसतं मनात वाटलं असेल तर चिंता नाही. शेजारी बसलेल्याला बोलून दाखवलं असेल, तर मात्र मान वर करून एकदा आपल्या छताकडे पाहून घ्या. याचा माझ्याशी काय संबंध, असं वाटत असेल, तर कलम सतरा (ड) चा शेवटचा भाग तुम्ही वाचलेला नाही.

काही हरकत नाही. कोणीच वाचत नाही. इथे सही करा.