भाऊंनी सूर्य हलवला

भाऊंनी सलूनच्या मागच्या भिंतीवर नवा, भिंतभर आरसा चिकटवला आणि आठवड्याच्या आत समोरच्या टेलरमामांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड कापला.

"उजाडलं की तुझा आरसा माझ्या डोळ्यांत घुसतो!" ती पँट नाचवत मामा सलूनमध्ये शिरले. "काढ तो!"

तक्रार खरी होती. मामांच्या दुकानाशेजारच्या गल्लीतून कोवळे ऊन रस्ता ओलांडून आरशावर पडे आणि तिथून उलटून थेट मामांच्या शिलाई मशीनवर जाई. पण चिकटवलेला आरसा काढायचा म्हणजे फोडायचाच. दोन्ही दुकानांचे मालक एकच. त्यांनी निकाल दिला, "रविवारपर्यंत ऊन थांबव, नाहीतर आरसा फोड."

भाऊंनी दाराला पडदा लावला. सलून बंद आहे असे समजून गिऱ्हाइके परत गेली. मग आरशावर चादर टाकली. समोर बघायला काही नाही म्हणून बँकेतले एक साहेब डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा अर्धी मिशी गेली होती. शेवटी भाऊंनी चादर तशीच ठेवून खुर्चीच रस्त्याकडे फिरवली. मग येणारेजाणारे थांबून सल्ले देऊ लागले.

"डावीकडून अजून घ्या हो!"

"कानामागे राहिलंय!"

गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी पळाले.

शुक्रवारी सकाळी भाऊ चादर काढून हातोडी घेऊन आरशासमोर उभे राहिले. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"अहो, ठेवा ती. कवडसा कुठे पडतोय ते बघितलंत का?"

"मामांच्या डोळ्यांत. सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे."

"सोमवारी डोळ्यांत होता. आज कानावर आलाय. सूर्य काय रोज एकाच जागी उगवतो? थंडी जवळ आली की दक्षिणेकडे सरकतो, आणि या दिवसांत तर भराभर. तो तिकडे सरकला की आपला कवडसा उलट्या बाजूला, गल्लीकडे सरकणार. रविवारी मामा सुटले!"

भाऊ हातोडी टाकून तडक मालकांकडे गेले.

"मालक, आरसा राहू दे. मी सूर्य हलवतो."

"काय हलवतोस?"

"सूर्य. रविवारी या बघायला."

रविवारी अख्खा रस्ता जमला. मामा मशीनवर डोळे गच्च मिटून बसले होते. गल्लीच्या टोकाशी लाली आली, आरसा पेटला आणि कवडसा मामांच्या खांद्यालाही न शिवता शेजारच्या कापडाच्या ठाणांवर जाऊन पडला.

मामांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालक आयुष्यात पहिल्यांदा भाऊंना अहोजाहो करून म्हणाले, "जमवलंत कसं?"

"घरी विचारावं लागलं," भाऊ ऐटीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा सलूनच्या दारात हजर.

"भाऊ, सूर्य परत कर."

"आता काय झालं?"

"डोळ्यांत जायचा हे खरं. पण सुईच्या नेढ्यावरही पडायचा रे! किती वर्षांनी चष्म्याशिवाय सुई ओवत होतो. आता पुन्हा चाचपडतोय."

भाऊंनी बायकोकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली.

"आणतो," भाऊ म्हणाले. "पण हिवाळा सरल्यावर. मधूनच वळवता येत नाही."

"आणि तोवर मी काय करू?"

"मामा," बायको म्हणाली, "मशीन सरकवा."

मामांनी वळून रस्त्यापलीकडच्या आपल्या मशीनकडे पाहिले.

"हे मला आधी नाही सांगितलंस, सूनबाई?"

"आधी तुम्हाला सूर्य नको होता ना, मामा!"