चौदा नंबरच्या पलंगाचं तेल

"खिडकी लाव रे, धागा तुटतोय." गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे मुकादम अंबादासचा, हा आवाज सव्वीस वर्षं काशीरामच्या कानात मुरला होता. साळखात्यात, जिथं माग चालत, हवा दमट ठेवावी लागे. बाहेरचा वारा आला की सूत कोरडं पडून तुटे, म्हणून खिडक्या कायमच्या बंद. मग संप झाला, गिरणी गेली, अंबादास गावी गेला. काशीराम अंधेरीच्या एमआयडीसीत बिस्किटांच्या कारखान्यावर रखवालदार झाला. पण खिडकीपाशी निवांत पडायचं राहूनच गेलं. म्हणून हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मिशनच्या इस्पितळात आल्यावर त्याची नजर आधी गेली ती चौदा नंबरच्या पलंगावर. उशाशी खिडकी, खिडकीत बदामाचं झाड, आणि पानापानातून येणारा वारा.

चौदा नंबरवर मनोरीचे इनासबाबा होते, पित्ताच्या खड्यांसाठी आलेले. जन्मभर दर्यावरचा वारा खाल्लेला माणूस. "माझ्या हाडांना आता वारा नको रे," ते म्हणाले. काशीरामला भिंतीकडचा पंधरा नंबर मिळाला होता. दोघांनी आपापली उशी, तांब्या आणि मोसंब्यांची पिशवी उचलली आणि पलंग बदलले. सिस्टरला सांगायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. दुसरा सांगेल, असं धरून दोघेही गप्प झोपले.

एरवी काही बिघडलं नसतं. पण हे इस्पितळ ज्या नन्सच्या संस्थेचं, तिची इस्पितळं केरळपासून रांचीपर्यंत पसरलेली, आणि सगळीकडे शिरस्ता एकच: आजाऱ्याची ओळख म्हणजे पलंगाचा नंबर. ख्रिस्ती आजाऱ्याच्या पायथ्याशी एक निळं कार्ड तारेनं बांधलेलं असे, म्हणजे कुठं थांबायचं ते फादरना कळे. बाबांचं कार्ड चौदा नंबरलाच राहिलं. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर चेहरे ओळखत. पण त्याच आठवड्यात त्यांची रांचीला बदली झाली आणि रांचीहून सिस्टर व्हेरोनिका आल्या. त्या अजून फक्त कार्डं ओळखत होत्या. केसपेपर मात्र काशीरामने न विसरता स्वतःबरोबर नेला होता, त्यामुळे सोमवारी त्याची कापाकापी तरी योग्य जागीच झाली.

इनासबाबांनी ऑपरेशनआधी फादरच्या हातचं पवित्र तेल मागितलं होतं. मंगळवारी दुपारी फादर आले तेव्हा बाबा एक्स-रे काढायला गेले होते, आणि चौदा नंबरवर काशीराम औषधाच्या गुंगीत पडला होता. फादरनी त्याच्या कपाळावर आणि तळहातांवर तेलाचा क्रूस काढला, हळू आवाजात प्रार्थना म्हटली आणि पुढच्या निळ्या कार्डाकडे गेले. काशीरामने एक डोळा अर्धा उघडला होता. दुरुस्ती झाली की यंत्राला तेल देतात तसंच इथंही असेल, असं मनाशी म्हणून तो समाधानानं पुन्हा झोपला.

चार वाजता त्याची बायको वनमाला पेजेचा डबा घेऊन आली. नवऱ्याचं कपाळ का चमकतंय, हे तिनं वॉर्डातल्या शकुआयाला विचारलं. शकुने आधी टाळलं, मग आवाज खाली आणून सांगितलं की गेल्या महिन्यात असंच तेल सात नंबरला लावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पलंगाची चादर बदलली. वनमाला तशीच सिस्टर व्हेरोनिकांकडे गेली. सिस्टर आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "डॉक्टरने काम केला. आता सगळा वरच्याच्या हातात." हे त्या टॉन्सिलच्या आजाऱ्यालाही सांगत. ते वनमालाला कुठून माहीत असणार?

गेली दोन वर्षं दर रविवारी जेवण झालं की काशीराम म्हणे, "इथं काय राह्यलंय आपलं? गावाला जाऊया." आणि वनमाला ताटं उचलत म्हणे, "तुम्ही जा. मी येत नाय." शाळांचे गणवेश शिवून तिचा चांगला जम बसला होता. पण आज ती स्टुलावर बसली, पेजेत मिठाचा खडा विरघळवला आणि म्हणाली,

"घरी सोडलं की गावीच जाऊ."

काशीरामचा घोट तोंडातच राहिला. "काय म्हणालीस?"

"तुमच्या मनात होतं ना. मीच उगाच आडवी आले."

"अगं, पण तुझं शिवणकाम?"

"मशीन भाचीला देते, जयाला. तिच्याकडे राहील."

काशीरामला पुढची पेज जाईना. संध्याकाळी नर्सला नाडी जलद लागली. वनमालाने ते पाहिलं आणि वेळ थोडा आहे असं समजून झपाट्यानं हात चालवला. बुधवारी तिने शिलाई मशीन जयाकडे पोचवलं, भांड्यांची बोचकी बांधली आणि धाकट्या दिराला, शिवदासला, तार केली: काशीराम सीरियस, खोली तयार ठेवा. शिवदासने खोली तयार केली आणि रात्रीची एसटी धरून गुरुवारी सकाळी स्वतःच हजर झाला.

"पडवी सारवून ठेवलंय, दादा," तो डोळे पुसत म्हणाला. "आता दोघा भाव मिळान गुरां राखूया."

हे ऐकून काशीरामने तोंड फिरवलं. त्याला घाम फुटला, ताप शंभरावर गेला. बिचाऱ्याची इच्छा पुरी व्हायची वेळ आली आणि देह साथ देईना, असं म्हणून वनमाला पदरात रडली.

दहा वाजता वॉर्डबॉय इनासबाबांना ऑपरेशनला न्यायला आले, तर बाबांनी पलंगाची दांडी धरून ठेवली. तेल लावल्याबिगर आपण हलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरनी यादी दाखवली: चौदा नंबर, तेल मंगळवारी दिलं. बाबा म्हणाले, मला तर थेंबही लागला नाही. फादरना बोलावणं गेलं. त्यांनी निळं कार्ड पाहिलं, त्या पलंगावरचं काशीरामचं कपाळ पाहिलं, शेजारी रडणारी वनमाला पाहिली. तेव्हा बाबांनी छताकडे बघत पलंगांची अदलाबदल कबूल केली.

फादर वसईकडचे होते. ते वनमालापाशी बसले आणि तिला समजावू लागले. हे तेल निरोपाचं नाही, आजाऱ्याला बळ यावं म्हणून आहे.

"आणि सात नंबर?" तिनं विचारलं.

"ते मालाडला घरी गेले, बाई. म्हणून चादर बदलली. तुमचे यजमानही शनिवारी जातील."

मग फादरनी योग्य कपाळाला तेल लावलं आणि इनासबाबा हसतमुखानं ऑपरेशनला गेले. वनमालाने डोळे कोरडे केले, नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. दोन दिवसांत प्रथमच तिचा आवाज तिचा वाटला.

"बरं झालं बाई. पण दिला शब्द तो दिला. बोचकी बांधून तयार आहेत, भावोजी न्यायला आलेत. शनिवारी इथूनच निघू."

काशीरामने एकदा शिवदासकडे पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं. एरवी तो बायकोला 'अगं' म्हणे. आज त्यानं तिचं नाव घेतलं.

"वनमाला, मला गावाला जायचं नाय. कधीच नव्हतं. गिरणीतले सगळे गेले, म्हणून मीपण आपला म्हणत राह्यलो. तू दर रविवारी नाय म्हणायचीस ना, की मला आठवडाभर बरं वाटायचं."