परमतदारसंघात दिलेली मुलगी

आमच्या मजल्यावरचे मयेकर काका आपल्या एकुलत्या एका मुलीची ओळख अशी करून देतात, "ही आमची स्मिता. परमतदारसंघात दिलीय." ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारी दुबईला वगैरे असेल. स्मिता घोडबंदरला राहते. आमच्या भाईंदर पूर्वेतून तिच्याकडे रिक्षाने जाता येतं.

शाळेत क्लार्क असताना काकांनी इतक्या निवडणुकांची ड्युटी केली की त्यांचं कॅलेंडरच वेगळं झालं. पूर्वी आपण ठाण्यात मोजले जायचो, मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि घरातली खुर्चीही न हलवता आपण नव्या मतदारसंघात आलो, हे ते प्रत्येक नव्या भाडेकरूला ऐकवतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळतीचा विषय निघाला की विचारतात, "ही गळती पुनर्रचनेच्या आधीची की नंतरची?" खालच्या किराणावाल्या जिग्नेशभाईंनी एकदा सहज विचारलं, "काका, इस बार कौन?" काकांनी इथल्या पहिल्या आमदारापासून सुरुवात केली. जिग्नेशभाई शटर ओढून घरी गेले, तरी काकांचे मधले दोन आमदार शिल्लक होते.

घरात मात्र त्यांची डाळ शिजत नसे. सरोजकाकू दर वेळी एकाच अपक्षाला मत द्यायच्या. हे एक निवृत्त मास्तर. हौसेने उभे राहायचे आणि डिपॉझिट घालवून घरी जायचे. पण निवडणूक नसताना दार वाजवून "पाणी येतं का?" विचारणारा हा एकच माणूस, असं काकूंचं म्हणणं. काका निकालाच्या दिवशी मुद्दाम पेढे आणून त्यांना चिडवायचे. काकू पेढा खायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्या वेळी बघा."

मागच्या निवडणुकीनंतर काकू गेल्या. तेव्हापासून स्मिता वडिलांना आपल्याकडे बोलावतेय आणि काकांचं एकच उत्तर, "मी मतदारसंघ सोडत नाही." आम्ही सगळे हसायचो. गेल्या महिन्यात ते जिन्यात पडले. स्मिता रडवेली होऊन मला म्हणाली, दादा, आता तुम्हीच समजवा. मी मतदारयादीतला पत्ता बदलायचा फॉर्म अर्धा भरूनच काकांकडे गेलो. म्हटलं, मत काय, तिकडेही देता येईल.

काकांनी फॉर्म वाचला, माझी एक चूक काढली आणि तो बाजूला ठेवला.

"मास्तर परत उभे राहतायत," ते म्हणाले. "घोडबंदरच्या मशीनवर त्यांचं नाव नसणार. सरोज एवढी वर्षं त्यांना मत देत आली आणि मी नुसता हसत राहिलो. या वेळी तिच्याऐवजी मी देतो. मग स्मिताला सांग, न्यायला ये."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी विचारलं, मास्तर या वेळी तरी येतील का निवडून?

"छे. डिपॉझिट जाणार," काका म्हणाले. "पण ती नाही म्हणून त्यांचं एक मत कमी व्हायला नको."