अन्सेल्मोचा संरक्षित खड्डा

नारिंगीच्या झाडाला बांधलेल्या पिवळ्या पट्टीचं एक टोक सुटून कोंबड्यांच्या पाण्यात पडलं होतं. भिजून ते गडद झालं होतं, आणि एक लाल कोंबडी त्यावरच्या 'प्रवेश निषिद्ध' या अक्षरांना अधूनमधून चोच मारून बघत होती. पट्टीच्या आत बासिलिया चाब्लेचं अर्धं अंगण होतं. बाहेर उरलेलं अर्धं अंगण, न्हाणी आणि स्वतः बासिलिया.

पट्टी बांधण्यामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. वसाहतकालीन शहरं आणि प्राचीन अवशेष यांची सांस्कृतिक यात्रा आखणाऱ्या समितीने नकाशा पसरला, तेव्हा मेरिदा शहरातल्या स्पॅनिश हवेल्यांपासून माया लोकांच्या पिरॅमिडांपर्यंत मधल्या रस्त्यावर काहीच नाही असं आढळून आलं. काहीच नाही म्हणजे गावं होती, मक्याची शेतं होती, त्यांत माया लोकही होते; पण संस्कृती नव्हती. संस्कृतीशिवाय फार वेळ बसमध्ये बसवलं की प्रवाशाला भूक लागते, आणि भुकेला प्रवासी वाईट अभिप्राय लिहितो. म्हणून समितीने त्सोलकाह गावावर बोट ठेवलं.

त्सोलकाहला एक उंचवटा होता आणि एक चर्च होतं. चारशे वर्षांपूर्वी पाद्र्यांनी उंचवट्यावरचं देऊळ पाडलं आणि त्याच दगडांचं चर्च बांधलं. त्यामुळे प्राचीन अवशेषांचं खातं आणि वसाहतकालीन वास्तूंचं खातं, दोघांनीही प्रत्येक दगडावर हक्क सांगितला. दगड उंचवट्यावर परत न्यावेत, असं एका खात्याचं म्हणणं. उरलेले दगडही चर्चला लावून रखडलेलं काम पूर्ण करावं, असं दुसऱ्याचं. वाद मिटेपर्यंत उंचवटा आणि चर्च या दोन्हींच्या आसपास कोणीही जमीन खणायची नाही, एवढ्यावर मात्र एकमत झालं. बासिलियाचं घर दोन्हींच्या बरोबर मध्ये होतं.

खणणं हा काही बासिलियाचा छंद नव्हता. तिच्या अंगणात वर्षातून एकदाच खणलं जाई, नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या मृतांच्या दिवशी. त्या दिवशी मेलेली माणसं आपापल्या घरी जेवायला येतात. मक्याच्या पिठाच्या जाड भाकरीत कोंबडी आणि शेंद्रीचा लाल रस्सा भरायचा, केळीच्या पानांत बांधायचं, खड्ड्यातल्या तापलेल्या दगडांवर ठेवून वरून माती लोटायची. याला पिब म्हणतात. मातीखालून आलेलं हे जेवण आधी मेलेल्यांसमोर मांडतात. ते वास घेऊन तृप्त झाले की मग जिवंतांनी खायचं. खड्डा दरवर्षी तिचा नवरा अन्सेल्मो खणायचा. मागच्या वर्षी मृतांच्या दिवसाला थोडाच अवधी असताना तो गेला. नुकता गेलेला माणूस लगेच येत नाही, त्याला अजून वाट सापडलेली नसते. यंदा तो पहिल्यांदा येणार होता.

"आणि आल्यावर काय बघणार? पट्टी!" तिची नणंद निकानोरा म्हणाली. "वहिनी, जिवंतपणी माझा भाऊ तुझ्या हातचं गार जेवला. मेल्यावर तरी ऊन घाल."

"गार जेवला कारण गप्पा मारून उशिरा यायचा. तुझ्याच ओट्यावर बसून असायचा."

"बेकरीत भाजून आण मग. हल्ली पुष्कळ जण आणतात."

"अन्सेल्मो बेकरीतून येणार आहे का?"

निकानोरा कोंबडीवर ओरडली.

समितीचे समन्वयक एफ्राईन पेनिचे यांचा पांढरा सदरा कितीही उन्हात चुरगळत नसे. जानेवारीपासून ते बासिलियाकडे येत होते. समितीने तिला 'जिवंत परंपरा' म्हणून निवडलं होतं. तिच्या अंगणात प्रवासी येतील, पिब बघतील, खातील. तिने फक्त होकार द्यायचा होता. बासिलिया प्रत्येक वेळी "बघते" म्हणत असे. पेनिचे साहेब त्याची नोंद 'तत्त्वतः अनुकूल' अशी करत.

"साहेब, पण खणायला तर तुम्हीच बंदी केलीत," ती एकदा म्हणाली.

"बंदी खणण्याला आहे, दोन्या बासिलिया," साहेब 'बाईसाहेब' म्हणावं तशा अदबीने म्हणाले. "परंपरेला नाही."

"न खणता पिब कसं घालू?"

"परंपरा अशा अडचणींतूनच टिकते," ते म्हणाले आणि तिला परवानगीसाठी अर्ज करायला सांगून गेले.

अर्जाचा परिणाम म्हणून एक तरुण पुरातत्त्वज्ञ बाई आल्या. स्वभावाने चांगल्या होत्या, कोंबड्यांनाही ओलांडून न जाता वळसा घालून जात. त्यांनी नारिंगीखाली ब्रशने माती झाडली. आधी राख लागली, मग काळे पडलेले दगड, मग हाडं, पुन्हा राख.

"भट्टी आहे. आणि सलग वापरातली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"हो. अन्सेल्मोची," बासिलिया म्हणाली. "हाडं कोंबडीची. ती पांढरी कोंबडी फार चिवट निघाली होती."

बाईंनी लिंबू सोड्याच्या बाटलीचं एक झाकण उचलून उजेडात धरलं.

"तेही त्याचंच."

"मला दिसतंय, दोन्या. मी रोज हाच सोडा पिते. पण संरक्षित हद्दीत पृष्ठभागाखाली सापडलेली वस्तू म्हणजे अवशेष. अपवाद करायचा अधिकार मला नाही."

"मग कोणाला आहे?"

"हा खड्डा खणणाऱ्याला होता. तो ही कोंबडी खाऊन गेला," त्या म्हणाल्या आणि पट्टी बांधू लागल्या.

अहवालात खड्ड्याची नोंद 'विधीची भट्टी, कालखंड निश्चित' अशी झाली. संपूर्ण यात्रेत कालखंडाबद्दल शंका नसलेलं ते एकमेव स्थळ होतं, कारण झाकणावर तारीख होती. संरक्षित स्थळ झाल्यामुळे तिकीट लागू झालं. देशी नागरिकांना रविवारी प्रवेश मोफत होता. बासिलियाने चौकशी केली तेव्हा कळलं की हे मृत नागरिकांनाही लागू आहे, पण रहिवासाचा पुरावा लागेल. शिवाय मृतांचा दिवस यंदा रविवारी नव्हता.

पेनिचे साहेबांनी यातूनही मार्ग काढला. चौकात सिमेंटचा खड्डा बांधला, त्यात रोपवाटिकेतून चाळून आणलेली माती भरली आणि खाली गॅसची शेगडी बसवली. पिब बेकरीतून तयार आणायचं, बस वळणावर दिसली की पुरायचं आणि प्रवासी उतरले की उकरायचं. प्रवासी मुख्यतः हिवाळ्यात आणि ईस्टरला येतात, हे लक्षात घेऊन मृतांचं आगमन एप्रिलअखेरपर्यंत लांबवण्यात आलं. गावच्या पाद्र्यांनी हरकत घेतली. त्यांना त्यांचं चर्च कुठल्या खात्याचं आहे याची आठवण करून देण्यात आली. कुठल्या, ते सांगण्यात आलं नाही.

पहिली बस मृतांच्या दिवशीच आली. त्यात राजधानीतले शिकलेसवरलेले लोक होते. निघण्यापूर्वी त्यांनी वाचन केलं होतं, आणि पर्यटकांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. चौकातल्या पिबचा त्यांनी एकेक घास खाल्ला. रेनाता नावाच्या प्राध्यापिकाबाईंनी सिमेंटवर बोटाने टिचकी मारली.

"हे पर्यटकांसाठी आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही पर्यटक नाही. खरं कुठे करतात?"

पेनिचे साहेबांचा सदरा त्या दिवशी पहिल्यांदा चुरगळला. त्यांनी एक फोन केला, मग दुसरा. वर्षभर दोन खात्यांना न सुटलेला प्रश्न प्रवाशांच्या हातातली कॉफी निवायच्या आत सुटला. पुरातत्त्वज्ञ बाईंनी स्वतःच्या हाताने पट्टी सोडली. "खणा, दोन्या, हवं तेवढं खणा," साहेब फाटकातून ओरडत आले. "यांना खरं हवंय!"

बासिलियाने कुदळ घेतली. निकानोराने दगड तापवले. घरात पीठ, कोंबडी, पानं सगळं सकाळपासून तयारच होतं. कशाच्या भरवशावर, हे दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं. पिब खड्ड्यात उतरलं, पानांवर माती पडली, मातीतून धूर येऊ लागला. तोवर अंगणभर प्रवासी पसरले होते. काही न्हाणीच्या भिंतीवर बसले होते. एकाने घरात डोकावून मृतांसाठी मांडलेल्या वेदीवरच्या अन्सेल्मोच्या फोटोचा फोटो काढला.

"आम्ही इथे नाहीच असं समजा," रेनाताबाई मऊ आवाजात म्हणाल्या. त्या वहीत भराभर लिहीत होत्या. "मी हे सगळं लिहिणार आहे. ज्यांना येता येत नाही त्यांनाही घरबसल्या वाचता येईल, अगदी या अंगणात उभं राहिल्यासारखं."

"कोणी आलं तर तेही टिपणार का?" निकानोराने विचारलं.

"म्हणजे?"

"माझा भाऊ यायचाय."

"हो, हो," बाई हरखून म्हणाल्या. "त्यासाठीच तर थांबलोय."

पेनिचे साहेब रुमालाने मान पुसत पुढे आले. "दोन्या बासिलिया, आता तरी सांगा. जानेवारीपासून 'बघते' ऐकतोय. दर आठवड्याला अशी एक बस. हो म्हणू ना मी समितीला?"

बासिलियाने मातीवरचा हात उचलला. अंगणातल्या अनोळखी चेहऱ्यांवरून तिची नजर सावकाश फिरली आणि शेवटी फाटकावर थांबली. तिथेही दोघं जण वाट अडवून उभे होते.

"नाही," ती म्हणाली. "माझा माणूस पहिल्यांदा येतोय. एवढी गर्दी दिसली तर घर चुकलं समजून परत जाईल. बाहेर व्हा सगळे." मग तिने रेनाताबाईंच्या वहीकडे बोट केलं. "आणि ते जे घरी बसून वाचताहेत, त्यांनाही घेऊन जा."