बारा बोअरचा जबाब

विमानात बंदूक न्यायची तर काउंटरवर आधी बंदुकीचा जबाब होतो, आणि तोही सोबतच्या प्रवाशांसमोर. जबाब मालकाच्या फॉर्मशी जुळला नाही आणि मालक खोटा निघाला, तर मालक सामानात जातो आणि बंदूक त्याच्या सीटवर बसते. बंदूक खोटी निघाली तर तिथल्या तिथे तिचे तुकडे करतात. नियम जुना आहे, तिकिटाच्या मागे छापलेला असतो. मी वाचला होता. पण माझी बारा बोअरची बंदूक अठ्ठावीस वर्षांत चकार शब्द बोलली नव्हती. म्हटलं, आजच कशाला तोंड उघडेल.

मी महिपती धायगुडे, बँकेचा निवृत्त रक्षक. नागपूरला रक्षकांच्या एका संघटनेनं माझा सत्कार ठेवला होता, आणि पत्रात ‘बंदुकीसह यावे’ असं लिहिलं होतं. सोबत माझी बायको सिंधू आणि आमच्या शाखेचा जुना शिपाई गंगाराम वायदंडे. शाखेवरचा दरोडा मी दोन बार काढून उधळून लावला, ही हकिगत मी सोयऱ्याधायऱ्यांत इतक्यांदा सांगितली होती की अलीकडे पाहुणे आले की चहा ठेवता ठेवता सिंधूच सुरू करायची. मी नुसता मिशीला हात लावून बसायचो. आता ते आठवलं तरी कानशिलं तापतात.

काउंटरवरच्या मॅडमनी बंदूक टेबलावर ठेवली आणि पाणी हवंय का विचारलं. बंदूक नको म्हणाली.

“आजवर किती बार झाले?”

“एकही नाही, मॅडम.” आवाज घोगरा होता, पण बोलणं नीटनेटकं.

“मालकांनी दोन लिहिलेत. दरोड्याच्या दिवशी.”

“त्या दिवशी आम्ही दोघं संडासात होतो. मालक मला पोटाशी धरून बसले होते. दरोडेखोरांना वायदंड्यांनी स्टुलानं हाणून पळवलं. कोयता लागून त्यांची दोन बोटं गेली. पोलीस आल्यावर आम्ही बाहेर आलो.”

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. काडतुसांचा जबाब वेगळ्या खोलीत घेतात, बंदुकीसमोर ती दबून बोलतात म्हणून. काडतुसांनी सांगितलं की आपली खरेदी नंतरची आहे, आपल्याला यातलं काही ठाऊक नाही.

“सोबतच्यांना एकेक प्रश्न विचारता येतो,” मॅडम म्हणाल्या.

सिंधू पुढे झाली. मला नाही, बंदुकीला विचारलं, “कडी आतून लावली होती?”

“हो, वहिनी.”

सिंधूनं पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी मेलो असतो, आणि बघितलं नाही तेही सोसवेना.

मग गंगाराम म्हणाला, “मला प्रश्न नाही. पण मॅडम, बंदूक खोटं बोलतीय. बार मी या कानांनी ऐकलेत. बोटं माझी शटरमध्ये सापडली.”

आणि मला हायसं वाटलं. लाज वाटायची ती याचीच वाटते. संडासात बसलो तेव्हा पाचावर धारण बसली होती, तेव्हाचं एक वेळ सोडून द्या. पण आता कसली भीती होती? तरी मी गप्प राहिलो.

“एकाविरुद्ध दोन,” मॅडम म्हणाल्या. मागच्या खोलीतून कटरवाला आला. “तुला काही म्हणायचंय?”

“नाही,” बंदूक म्हणाली. “मालकांना खिडकीजवळ बसवू नका. त्यांना उंचीवर गरगरतं.”

गंगाराम सही करायला वाकला. उरलेल्या बोटांत पेन धरायला त्याला वेळ लागत होता. सिंधू त्या हाताकडे बघत राहिली होती.

“थांब, गंगाराम,” मी म्हणालो. “मॅडम, कडी मीच लावली होती.”

“खाडाखोड चालत नाही,” त्या म्हणाल्या आणि कोरा फॉर्म पुढे केला. मी नवा भरला. मागे रांगेत कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. पण सगळे आपापली कागदपत्रं बघत होते.

माझे खिसे रिकामे केले, पट्टा काढून घेतला, मी भरलेला नाही ना ते तपासलं आणि तसा शिक्का मारला. बंदुकीची पेटी मला जरा आखूड पडली. सिंधूनं वाकून माझी माकडटोपी आत ठेवली आणि सरळ झाली. गंगारामनं बंदूक खांद्याला अडकवली. तिला खिडकी मिळाली होती.

“भाऊजी, इतकी वर्षं बोलला नाहीत?” जाता जाता सिंधूनं गंगारामला विचारलेलं ऐकू आलं.

“विचारलंच नाही कुणी, वहिनी.”

विमानाच्या पोटात गारठा होता. मी टोपी कानांवर ओढली. शेजारच्या पेटीतून कुणीतरी खाकरलं.

“पहिलीच खेप का?”

“हो.”

“काय म्हणाली तुमची?”

“खरं ते म्हणाली.”

“समोर कोण होतं?”

“बायको.”

विमान धावायला लागलं, मग वर उठलं.

“माझी आई होती,” तो म्हणाला.