भाड्याचा कारकून

शिकागोत हॅलोविनचे पोशाख विकत किंवा भाड्याने कुठे मिळतात, या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी बदलतं. ज्या जागेतला धंदा बुडाला असेल तिथे सप्टेंबरात पोशाखांचं दुकान उघडतं आणि नोव्हेंबर लागताच गाशा गुंडाळतं. आमच्या भागात एके वर्षी ते बुटांच्या दुकानात होतं, पुढच्या वर्षी बंद पडलेल्या बँकेत. तिजोरीत चेटकिणींच्या टोप्या ठेवल्या होत्या आणि त्या बँकेत रांग लागलेली लोकांनी तेव्हाच प्रथम पाहिली. गेल्या वर्षी मात्र पंचाईत झाली. भागात एकही जागा रिकामी नव्हती. नागरिकांची गैरसोय होऊ नये म्हणून महापालिकेने स्वतःचीच एक जागा रिकामी करायचं ठरवलं. कोणती करावी यावर समिती बसली, आणि काम थांबलं तरी कोणाच्या लक्षात येणार नाही या निकषावर ‘जिना, सज्जा व कठडा कक्षा’ची एकमताने निवड झाली.

आमच्या घरमालकीणबाई लुड्विका ओलेक्सी यांच्या मात्र ते लक्षात आलं. आमच्या इमारतीच्या मागच्या लाकडी जिन्याच्या मधल्या पायऱ्या कुजून गेल्या होत्या. मी वरच्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी कामावर जाताना मी कठड्याला लोंबकळून तेवढी पोकळी पार करत असे. जिना दुरुस्त करायला परवाना लागतो, आणि परवाना द्यायचं काम कक्षातल्या हॉलिस प्रुइट यांच्याकडे होतं. ते तो देत नसत, हा भाग वेगळा. बाई कित्येक वर्षं त्यांच्याकडे जात होत्या. जाताना पिएरोगींचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा बरोबर नेत, कारण दिवस तिथेच जाई. प्रुइट त्यांना वर न बघताच परत पाठवत, आणि घरी आल्यावर बाई अभिमानाने सांगत, “फार कडक माणूस. त्याच्या हातून चुकीचं काम व्हायचं नाही.”

कक्षाच्या जागेत दुकान थाटल्यावर एके दिवशी बाईंना सोबत म्हणून मी गेलो. दारात प्लास्टिकचा सांगाडा उभा होता. बाईंनी त्याला वाट विचारली. आत भोपळे, भुतं आणि समुद्री चाच्यांच्या पोशाखांमधून वाट काढत आम्ही जुन्या खिडकीपाशी पोचलो. खिडकी, बाकडी, टोकनचं यंत्र आणि शिक्के तसेच होते, कारण जागा ‘आहे त्या स्थितीत, सर्व कामकाजासह’ भाड्याने दिली होती. सवयीने येऊन बसणाऱ्या लोकांना घालवता येईना, तेव्हा दुकानाच्या मॅनेजरने यारित्सा नावाच्या विक्रेत्या मुलीला ‘सरकारी कारकून’ या पोशाखात खिडकीत बसवलं होतं. जुना लोकरी स्वेटर, साखळीचा चष्मा आणि आत काही नसलेला कॉफीचा मग, असा तो संच होता.

“बोला मावशी,” यारित्सा हसून म्हणाली.

बाईंनी माझा दंड धरला. या खिडकीतून कोणी हसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

“जिना दुरुस्त करायचाय,” त्या हळूच म्हणाल्या.

“मोडलाय का?”

“हो.”

“मग करायलाच पाहिजे,” असं म्हणून तिने परवान्यावर शिक्का मारला. “आणि जपून हं. तोवर त्या पायऱ्यांवरून जाऊ नका.”

बाई जागच्या हलेनात. “एवढंच?”

“अजून काही हवंय का? चेटकिणींच्या टोप्यांवर आज सूट आहे.”

बाहेर आल्यावर बाईंनी परवाना उजेडात धरून पाहिला. “बनावट आहे.”

“अहो, शिक्का खरा आहे,” मी म्हणालो.

“शिक्का कोणीही मारेल, डेल्बर्ट. तिने मला बस म्हटलं नाही, उद्या ये म्हटलं नाही, कोणाच्या नावावर घर आहे ते विचारलं नाही. वर ‘जपून’ म्हणाली. सरकार कधी जपून म्हणतं का?”

मी परवाना घडी करून खिशात ठेवला.

असं वाटणाऱ्या बाई एकट्याच नव्हत्या. आठवडाभरात आमच्या अख्ख्या भागाला परवाने मिळाले आणि एकानेही खिळा ठोकला नाही. लोक परवाने घेऊन नगरसेवकाकडे गेले. कामं ताबडतोब होत आहेत, याची चौकशी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. नगरसेवकाने प्रकरण विधी विभागाकडे पाठवलं. विधी विभागाने करार तपासून सांगितलं की जागा सर्व कामकाजासह दिलेली असल्यामुळे यारित्साने दिलेला प्रत्येक परवाना संपूर्ण कायदेशीर आहे. हे कळल्यावर लोकांची खात्रीच पटली की यात मोठं काहीतरी शिजतंय.

दुकानाचं नाव खराब व्हायला लागलं. शेवटी मॅनेजरने प्रुइटना शोधून काढलं. कक्षासकट त्यांची बदली महापालिकेच्या एका तळघरात झाली होती. तिथे कोणीच येत नसल्यामुळे नाही म्हणायची संधी मिळत नव्हती, आणि त्यांची तब्येत खालावत चालली होती. मॅनेजरने त्यांना दुकानात आणलं. पण खिडकीत बसायचं तर दुकानाच्या नियमाप्रमाणे पोशाख आवश्यक होता, म्हणून प्रुइटनी कारकुनाचा पोशाख भाड्याने घेतला. तो त्यांना शोभला नाही. खांद्यात सैल पडला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मॅनेजरला म्हणालंच, “ही मुलगी तरी बरी आहे, हा माणूस तर अगदीच सोंग वाटतो.” तेव्हा प्रुइटना खिडकीमागे स्टुलावर बसवून यारित्साला शिकवायचं काम दिलं गेलं.

मी त्या सुमारास बाईंबरोबर पुन्हा तिथे होतो. खरा परवाना मिळाल्याशिवाय त्या गप्प बसणार नव्हत्या. बाकड्यावर बसून मला सगळं ऐकू येत होतं.

“वर बघायचं नाही, पोरी,” प्रुइट सांगत होते. “वर बघितलं की माणूस आशा धरतो.”

“पण काका, त्यांचं म्हणणं तरी ऐकून घेऊ ना?”

“ऐकायचं. मधेच पेन शोधायला लागायचं. आणि ते बोलून संपले की म्हणायचं, काय म्हणालात?”

“वाईट वाटतं हो.”

“सुरुवातीला मलाही वाटायचं,” प्रुइट म्हणाले. “मग जेवणाची सुट्टी होते.”

मुलगी हुशार होती. दोनच दिवसांत तिचं हसू गेलं. मगात काही नसतानाही ती तो तोंडाला लावून माणसाला ताटकळत ठेवू लागली. खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावून ती मागे उभी राहून रांगेकडे बघे, आणि रांग समाधानाने तिच्याकडे बघे. भागात बातमी पसरली की कारभार सुधारला.

ओलेक्सी बाईंचा नंबर आला तेव्हा यारित्साने मान वर न करता विचारलं, “मोडलेल्या पायरीचा फोटो?”

“आणलाय,” बाईंनी पुढे केला.

“हा बाजूने काढलाय. अर्जदार पायरीवर उभा असलेला लागतो.”

“पायरी नाहीये हो.”

“मग मोडलेली कशी म्हणता? नसलेल्या वस्तूची दुरुस्ती या खिडकीवर होत नाही. नवीन जिन्याची खिडकी वेगळी.”

“ती कुठे आहे?”

“तिथे आता व्हॅम्पायर आहेत. नोव्हेंबरात या.”

बाईंचे डोळे पाणावले. घरी येताना रस्ताभर त्या उत्साहात बोलत होत्या. “बघितलंस, डेल्बर्ट? याला म्हणतात कार्यालय. आता काम होईल बघ.”

“बाई, आपल्याकडे आधीचा परवाना आहे,” मी म्हणालो. “तो कायदेशीर आहे. मी उद्या सुताराला बोलावतो.”

“अजिबात नाही. माझ्या घरात बेकायदा काम मी होऊ देणार नाही. अजून थोडे दिवस लोंबकळ. तरुण आहेस.”

मी पन्नाशी ओलांडली आहे, पण घरमालकिणीशी वाद घालत नाही.

हॅलोविनच्या दिवशी सकाळी कठडाही गेला. मी त्याला धरून लोंबकळलो आणि कठड्यासकट खाली बाईंच्या कोबीच्या वाफ्यात पडलो. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत माझा एक फोटो काढून घेतला. अर्जदार पायरीवर असलेला नव्हता, पण भाडेकरू पायरीखाली असलेला होता. तो घेऊन त्या खिडकीवर गेल्या. यारित्साने तो बराच वेळ उलटसुलट पाहिला, दोनदा जेवायला गेली, आणि दुकान आवरायच्या आत परवाना मिळाला. पुढे महापालिकेने यारित्साला कायम केलं. प्रुइट दुकानाबरोबर गेले. सध्या ते निरनिराळ्या शहरांत नवीन मुलींना शिकवतात आणि त्यांची तब्येत उत्तम आहे, असं ऐकतो.

बाई परवाना घेऊन संध्याकाळी थेट हॉस्पिटलात आल्या. मी खाटेवर पडलो होतो, पायाला अजून काहीच बांधलेलं नव्हतं.

“हे काय? डॉक्टर आला नाही का?”

“आला होता,” मी म्हणालो. “मला इथे आणल्या आणल्याच आला.”

बाईंनी डबा खाली ठेवला. “म्हणजे? थांबवलं नाही तुला?”

“नाही. नाव विचारलं, दुखतंय का विचारलं. शेजारी खुर्ची ओढून बसला. पाय कुठे मोडलाय ते कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं. आणि म्हणाला, घाबरू नका, लगेच बसवून टाकू.”

“आज हॅलोविन आहे, डेल्बर्ट.”

“मलाही तेच वाटलं.”

“मग? दुसरा मागवायचा ना.”

“केव्हाच मागवलाय,” मी म्हणालो.

तुम्ही हसत असाल तर हसा. मागे कधी एखाद्या कचेरीत तुमचं काम पहिल्याच फेरीत झालं होतं, तेव्हा घरी येऊन तुम्ही तो कागद कितीदा वाचला होता, तेवढं फक्त आठवा.

दुसरा डॉक्टर खूप उशिरा आला. त्याने आमच्याकडे बघितलं नाही. फोनवर कोणाशी तरी बोलत त्याने मला ‘मिस्टर गॅरिसन’ अशी हाक मारली, जे माझं नाव नाही, आणि चादर बाजूला करून माझा उजवा पाय चाचपू लागला. बाईंनी समाधानाने माझ्या हातावर थोपटलं. मोडलेला पाय डावा आहे, हे मला सांगायचं होतं. पण एवढा खरा डॉक्टर पुन्हा कधी मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून मी उजवाच पुढे केला.