डेलला कोण सांगणार

डेल हॅव्हरकॅम्पला संघातून काढायचे, हे कोच लायल ऑस्ट्रँडरने रविवारीच ठरवले होते. मंगळवारी सकाळी प्रश्न एवढाच उरला होता, की त्याला सांगायचे कोणी.

पोर्ट हॅलोवेच्या फेरीमेन या अमेरिकन फुटबॉलच्या संघात ऑगस्टचा शेवटचा मंगळवार दरवर्षी असाच उजाडे. उन्हाळाभर नव्वद गडी सरावात घाम गाळत. त्या दिवशी दुपारी चारच्या आत त्यांतले त्रेपन्न ठेवायचे, बाकीच्यांना घरी पाठवायचे आणि राहिलेल्यांची नावे लीगच्या कचेरीला कळवायची, असा नियम होता. घरी जाणाऱ्यांना बोलावून आणण्याचे काम मर्विनकडे असे. मर्विन अंगाने जाड, आवाजाने मऊ आणि पूर्वी याच संघात खेळलेला. पोरे त्याला यमदूत म्हणत. त्याचे वाक्य ठरलेले होते : "कोचनी बोलावलंय. डावांची वही घेऊन ये." वही परत घेतली की तो गडी संघाचा राहत नसे. हे वाक्य ऐकून बैलासारख्या मानेचे गडी अंड्यावर मीठ टाकता टाकता तसेच थांबलेले मर्विनने पाहिले होते.

डेल हा संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू फेकणारा तोच आणि कोणता डाव कधी खेळायचा ते ओरडून सांगणाराही तोच. थोडक्यात, संघाचे डोकेही तो आणि हातही तो. डोके अजून शाबूत होते. पूर्वी त्याच्या हातातून सुटलेला चेंडू घारीसारखा जाई. आता तो कोंबडीसारखा उडे. म्हणजे फडफड करत थोडा वर जाई, जवळच उतरे, आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या अंगणात उतरे. डेलने अडतिशी ओलांडली होती. पगार मात्र संघात सर्वांत मोठा त्याचाच होता.

लायलची स्थितीही फारशी निराळी नव्हती. मुख्य कोचची ही त्याची पहिलीच नोकरी होती, आणि ही गेली तर या वयात दुसरी मिळणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. संघ दोन वर्षे सारखा हरत होता. यंदाही हरलात तर मुक्काम हलवा, असे मालकीणबाईंनी त्याला भर जेवणात, आणखी मटण वाढून घेत सांगितले होते. अमारी नावाचा एक तरणा क्वार्टरबॅक तयार होता. त्याला उभे केले तर जिंकण्याची थोडी आशा होती. डेलला बाकावर बसवून अमारीला खेळवता आले नसते का? नसते. पोराची पहिली चूक झाली की सगळे मैदान डेलच्या नावाने ओरडले असते. तेव्हा लायलची नोकरी वाचायची असेल तर डेल जायला हवा होता.

मर्विन भोजनगृहात शिरला तशी सगळी तोंडे चावायची थांबली. तो तरुणांच्या टेबलांवरून पुढे गेला आणि त्याच्या पाठीमागे एकेक टेबल पुन्हा चावू लागले. डेल खिडकीशी बसला होता. कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली होती, गुडघ्यावर शेकायची पिशवी होती आणि डाव्या हाताने तो ओटची लापशी खात होता. मर्विनने आपले वाक्य म्हटले. इतक्या वर्षांत त्या वाक्यात तो पहिल्यांदाच अडखळला.

डेलचा चेहरा खुलला. "आलं का शेवटी बोलावणं? तो डावीकडचा डाव चालणार नाही म्हणून मी त्याला जूनमध्येच सांगितलं होतं."

"डेल, वही घेऊन ये म्हणालेत."

"वहीशिवाय दाखवणार कसा, लेका? तू ती शेकायची पिशवी घे. आणि ते केळंही घे."

डेलला हे वाक्य आजवर कोणी ऐकवलेच नव्हते. दरवर्षी या मंगळवारी तो तलावावर मासे धरायला जाई; यंदा गुडघ्यामुळे होडीत उतरता आले नव्हते म्हणून तो इथे होता. मर्विनला त्या वाक्याचा अर्थ फोड करून सांगता आला असता. पण त्याचे काम एका वाक्याचे होते. दुसरे वाक्य कोचचे. तो केळे आणि पिशवी घेऊन डेलच्या मागून चालू लागला.

लायलच्या खोलीत भिंतभर लोखंडी फळा होता. त्यावर चुंबकाच्या पट्ट्यांवर गड्यांची नावे लावलेली असत, आणि बरोबर त्रेपन्न पट्ट्या मावतील एवढीच जागा आखलेली असे. चार वाजता कचेरीतली बाई येऊन फळ्याचा फोटो काढी. फोटोत जो दिसला तो संघात, नाही दिसला तो नाही. लायलने सकाळी डेलची पट्टी काढून वरच्या जागी अमारीची लावली होती. काढलेली पट्टी टेबलावर ठेवली तर दिसेल, म्हणून ती कचऱ्याच्या डब्यात टाकली होती.

घरून निघाल्यापासून त्याने एक वाक्य घोकले होते. डेल खुर्चीत टेकताच त्याने सुरुवात केली, "डेल, या गावासाठी तू जे केलंस ना, ते..."

"ते राहू दे रे. आधी ही बाटली उघड. सकाळपासून अंगठा ऐकत नाहीये."

लायलने बाटलीचे झाकण उघडून दिले. ज्याला आत्ताच पाणी उघडून दिले त्याला लगेच हाकलून देणे त्याच्याच्याने होईना. घोट दोन घोट होऊ देत, असा विचार करून तो थांबला. तेवढ्यात डेलने केळे सोलले आणि साल टाकायला डब्याकडे वाकला.

"अरे, माझी पट्टी. हिचा चुंबक गेला वाटतं."

त्याने पट्टी बाहेर काढली, विजारीला पुसली आणि फळ्यावर लावायला गेला. वरची जागा भरलेली होती. डेल शिस्तीचा माणूस. त्याने अमारीची पट्टी एक घर खाली सरकवली, तिच्या खालची आणखी एक घर, असे करत करत सगळा फळा एकेका घराने नीट खाली उतरवला. तळाची पट्टी कडेवरून सुटली आणि भिंत व फळ्याच्या फटीत पडली. ती जोसाया नावाच्या एका नव्या गड्याची होती. तू राहिलास, असे लायलने तासाभरापूर्वीच त्याचा हात हातात घेऊन सांगितले होते, आणि तो बाहेर जाऊन बायकोशी फोनवर बोलताना रडला होता.

लायल फटीकडे बघत राहिला. मग त्याला वाटले, की खरे पाहता हे सांगणे आपले कामच नव्हे. डेलशी तीन वर्षांचा करार केला तो सरव्यवस्थापक फेन्टन क्विलने. तेव्हा सांगावे त्याने. तो डेलला घेऊन वरच्या मजल्यावर गेला, त्याला बाहेर सोफ्यावर बसवले आणि फेन्टनला जिन्यात गाठले.

फेन्टनने सगळे ऐकून घेतले. डेलला आज काढले तरी कराराचे पैसे दोन वर्षे संघाच्याच माथी बसणार, शिवाय तेवढ्या पैशांचे नवे गडी घेता येणार नाहीत, हे त्याने समजावून सांगितले. लायलला ते आधीपासून माहीत होते.

"हत्ती मेलाय, फेन्टन," तो म्हणाला.

"मला का दिसत नाही? पण दारात उभा आहे तोवर लोकांना तो जिवंत वाटतो. पुरायला काढला की पहिलं विचारतील, एवढ्याला घेतला कुणी. घेतला मी." फेन्टनने सोफ्याकडे नजर टाकली. डेल शेकायची पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या देत होता. "तू सांग त्याला. खेळवायचा नाही असं तूच ठरवलंयस."

"करार तू केलास."

"तो तूच मागितला होतास."

हेही खरे होते. मग दोघांनाही एकदमच सुचले, की संघ शेवटी मालकिणीचा आहे.

ओडेसाबाई थॉर्नबरी ऐंशीच्या पुढच्या होत्या. नवरा गेल्यावर संघ, बोटींचा धंदा आणि दोन आजारी कुत्री त्यांच्याकडे आली होती, आणि त्या तिन्हींचे सारख्याच थंडपणे करत. फेन्टनने फोन लावून तो दोघांना ऐकू येईल असा मध्ये धरला. काय झाले ते दोघांनी आळीपाळीने सांगितले. सांगता सांगता दोघांनीही 'आम्हाला वाटतं' असे म्हटले, 'मला वाटतं' असे कोणीच म्हटले नाही.

"नव्या सज्ज्यातल्या खुर्च्या मी डेलचं चित्र दाखवून विकल्यात," बाई म्हणाल्या. "त्या दुसऱ्या मुलाचं तोंड अजून कुणाला ठाऊक नाही. ते असू दे. लायल, तुला एक विचारते. डेलला ठेवून हरलास तर लोक म्हणतील, बिचारा म्हातारा झाला. काढून हरलास तर म्हणतील, कोच मूर्ख होता. मला दोन्ही चालतं. तुला काय चालतं?"

लायलने हिशेब करून पाहिला. अमारीला घेऊन हरलो तर ऑक्टोबरातच सामान बांधावे लागेल. डेलला घेऊन हरलो तर डिसेंबरपर्यंत तरी ढकलता येईल. जिंकण्याचा विचार त्याच्या मनात आलाच नाही, हे घरी परतताना, सिग्नलला उभे असताना त्याच्या लक्षात आले. तोवर चार वाजून गेले होते. कचेरीतल्या बाईने फळ्याचा फोटो काढला होता, आणि मर्विन जोसायाकडे जाऊन आपले वाक्य म्हणून आला होता. म्हणताना या वेळी तो अडखळला नाही.

पुढचे सगळे ज्याला त्याला दिसत होते तसेच घडले. सप्टेंबरात डेलचे चेंडू जवळ पडू लागले, ऑक्टोबरात समोरच्यांच्या हातात पडू लागले. तलावावरून गारठा सुटला. सज्ज्यातले लोक ब्लँकेटे पांघरून आधी हळहळले, मग ओरडले आणि शेवटी यायचेच बंद झाले. अमारीला उतरवा, असे बायकोपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी लायलला सांगितले. पण आता उतरवले तर आधी का नाही, असे विचारतील, म्हणून लायल थांबला; आणि जितका थांबला तितका तो प्रश्न मोठा होत गेला. नोव्हेंबरात डेलच्या बरगडीला मार बसला तेव्हा लायलच्या मनात पहिल्यांदा सुटकेचा विचार आला आणि मग त्याची त्याला लाज वाटली. पुढच्या आठवड्यात डेल पट्टे बांधून पुन्हा हजर झाला. डिसेंबरात ओडेसाबाईंनी लायलला काढले. त्यांना ते सांगायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही.

खोली रिकामी करायला मदत म्हणून एकटा डेल आला. त्याला खोके उचलता येईना, म्हणून लायलने खोकी उचलली आणि डेलने दारे उघडून धरली. शेवटचे खोके गाडीत गेल्यावर लायलने विचारले, "त्या मंगळवारी तुला काही कळलं नव्हतं का रे?"

"पट्टी डब्यात आपली आपण उडी मारते का?" डेल म्हणाला.

"मग?"

"म्हटलं, तू तोंड उघडशील. उघडलंस तर निमूट उठून जाईन. बायकोला सकाळीच फोन करून ठेवला होता मी, ट्रंका काढ म्हणून. तू बाटली उघडून दिलीस." त्याने बरगडी सांभाळत श्वास घेतला. "म्हटलं, जाऊ दे. याला बहुतेक मी लागतोय."

"आपण होऊन जायचं होतंस."

"आपण होऊन गेलं की उरलेले पैसे जातात. दुसऱ्यानं काढलं की मिळतात. तुझंही तसंच ना? मग तू का नाही दिलास राजीनामा?"

लायलने गाडीचे दार लावले. डेलच्या हिशेबात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

मार्चमध्ये नव्या कोचने पहिल्याच दिवशी डेलला मोकळे केले आणि गावात कोणी हूं का चूं केले नाही. त्याच आठवड्यात लायलला दक्षिणेतल्या एका संघाचा फोन आला. मुख्य नव्हे, पण सहायक कोचची जागा होती. एक होतकरू क्वार्टरबॅक त्यांनी आधीच घेतला होता. पोरगा चांगला आहे, लवकर शिकतो, असे तिथल्या मुख्य कोचने सांगितले. तुझ्या ओळखीचा आणखी कोणी हवा असेल तर बोल, असेही तो म्हणाला.

बर्निस, म्हणजे लायलची बायको, शेगडीपाशी राजमा ढवळत होती. लायलने उत्तर देण्याआधीच तिने डाव खाली ठेवला आणि हळूहळू नकारार्थी मान हलवू लागली. लायलने तिच्याकडे पाठ केली.

"एक जण आहे," तो म्हणाला. "वय जरा झालंय. पण तो चुका कुठे करतो ते मला तोंडपाठ आहे. नव्या मुलाचं काय, तो कुठे चुकेल ते कुणाला माहीत?"

"महाग पडेल का?" पलीकडून विचारणा झाली.

"पडेल," लायल म्हणाला, आणि डिसेंबरनंतर पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.